परत येणारी नाव

पोरांनो, आज समुद्राची गोष्ट सांगतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. पूर्वेकडून वर्धा नदी वाहते, दक्षिणेकडून पैनगंगा, आणि मध्ये कपाशी, टेकड्या नि जंगल. तरी या गोष्टीतला पहिला गडी तुमच्या ओळखीचा आहे. पांढरकवड्याकडच्या जंगलात तो जागोजागी उभा दिसतो. त्याचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. बरोबर ओळखलंत, साग!

सागाच्या लाकडात निसर्गानंच तेल भरून ठेवलंय. त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही, पाण्यात ते लवकर कुजत नाही आणि ऊनपावसात फारसं फुगत-आकसत नाही. विलायतेतल्या ओकच्या लाकडात आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात खिळा वर्षानुवर्षं टिकतो. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 साली मलबारच्या सागाचं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज बांधलं. इंग्लंडातल्या हार्टलपूलला ते आजही पाण्यावर उभं आहे.

त्याच मुंबईत 1960 नंतरच्या काही वर्षांत सागाचीच एक नाव तयार झाली. तिचं नाव ‘सुहैली’. लांबी अवघी 32 फूट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज दर्यावर्दी तिचा मालक. 1968 साली एक शर्यत जाहीर झाली: एकट्यानं, कुठल्याही बंदरात न थांबता, शिडाच्या नावेतून पृथ्वीला फेरी मारायची. नऊ जण निघाले. सुहैली त्यांतल्या संथ नावांपैकी एक होती. रॉबिननं 14 जून 1968 रोजी किनारा सोडला. वाटेत दक्षिणेच्या समुद्रात लाटेनं नाव आडवी पाडली, पण ती पुन्हा उभी राहिली. 22 एप्रिल 1969 रोजी तो परत आला. नऊ जणांपैकी शर्यत पुरी करणारा तो एकटाच! नायजेल टेटलीची तीन बुडांची वेगवान नाव घराच्या वाटेवर अटलांटिक महासागरात फुटली. मागून दुसरा स्पर्धक गाठतोय असं वाटून त्यानं ती फार जोरात हाकली होती. टेटली वाचला, नाव बुडाली.

आता यामागचं विज्ञान ऐका. वारा मागून आला तर शिडात भरतो आणि नावेला ढकलतो, हे कुणालाही कळतं. नवल पुढंच आहे. वारा समोरच्या बाजूनं तिरका येत असला, तरी नाव त्याच्याच दिशेनं पुढं सरकते! भरलेलं शीड वाकडं असतं, विमानाच्या पंखासारखं. त्याच्या फुगीर बाजूनं वारा वेगानं निघतो, तिथला दाब कमी होतो आणि शीड त्या बाजूला ओढलं जातं. ही ओढ बरीचशी आडवी असते, थोडीशी पुढची. नावेखाली पाण्यात उभी फळी असते, तिला कील म्हणतात. कील नावेला आडवं सरकू देत नाही. टरबुजाची ओली बी दोन बोटांत चिमटली की ती सुळकन पुढं निसटते ना, तसं वारा आणि पाणी यांच्या चिमट्यातून नाव पुढं निसटते. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची नाव जात नाही. साधारण 45 अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जावं लागतं.

मग जास्त वारा आला तर नाव वाटेल तितकी पळेल का? नाही. चालताना नाव स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की ती लाट लांब होते. लाट नावेच्या लांबीएवढी झाली की नाव आपल्याच लाटेच्या खड्ड्यात अडकते आणि चढ चढत बसते. याचं गणित सोपं आहे. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि 1.34 नं गुणा. 25 फुटांना वर्गमूळ 5, म्हणून वेग 6.7 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 12 किलोमीटर. 49 फुटांना 7, म्हणून 9.4 नॉट, ताशी सुमारे 17 किलोमीटर. जड नावेला याच्या फार पुढं जाता येत नाही.

आता नाव टिकते कशी? किलीच्या तळाशी शिशाचं किंवा लोखंडाचं भलंमोठं वजन बसवलेलं असतं. वाऱ्यानं नाव कलली की ते वजन बाजूला उचललं जातं आणि तितक्याच हट्टानं तिला परत सरळ खेचतं. रुंद, सपाट नाव सुरुवातीला कमी कलते, बसायला बरी वाटते. पण एकदा पालथी पडली की ती तशीच पडून राहू शकते. खोल, जड किलीची नाव पालथी पडली तरी उलटून वर येते. नुसता वारा अशी नाव सहसा पालथी पाडत नाही. फुटणारी लाट पाडते.

आपल्या माणसांनी हे सगळं करून दाखवलंय. तेव्हा फलटणजवळ राहणारे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी ध्यास घेतला की भारतीयानं एकट्यानं शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 56 फुटी ‘म्हादेई’ तयार झाली. ऑगस्ट 2009 मध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन ते मे 2010 मध्ये परतले. एकट्यानं प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यानंतर अभिलाष टॉमी न थांबता फेरी मारून आले. 2017-18 मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी ‘तारिणी’तून जगाला वळसा घालून आल्या. तारिणीही गोव्यातच बांधलेली.

2018 मध्ये रॉबिनच्या शर्यतीसारख्याच एका शर्यतीत अभिलाष सुहैलीच्याच धर्तीवरच्या ‘तुरिया’तून निघाले. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात नाव उलटली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर मार लागला. पण तुरिया पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली, म्हणून तीन दिवसांनी मदत पोचेपर्यंत ते वाचले. त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, 2023 मध्ये, ते दुसरे आले.

पोरांनो, नाव जोखताना पहिला प्रश्न ‘किती पळते?’ हा नसतो. ‘पडली तर उठते का?’ हा असतो. वेग त्यानंतर.

माझं ऐकून विश्वास ठेवू नका, करून पाहा. ज्वारीच्या धांड्याच्या भेंडाची नाव करा, काडीची डोलकाठी आणि कागदाचं शीड लावा. घंगाळात सोडून बाजूनं फुंकर मारा. ती आडवी सरकेल, कलंडेल. मग तळाला पत्र्याचा उभा तुकडा खोचा, त्याच्या खाली खिळा बांधा आणि पुन्हा फुंका. शेवटी ती हातानं पालथी करून सोडा. उठली नाही, तर खिळा अजून खाली बांधा. काय काय दिसलं ते वहीत लिहून मला दाखवा.