बटाट्याच्या ओळींवर बेतलेली गाडी

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत अन्नाची फार टंचाई होती. तेव्हा विमानांच्या इंजिनांचे जाणकार आल्बर्ट फ्रीडरिख यांनी शेतीसाठी एक गाडी योजली. तिचे नाव ‘युनिमॉग’. पीक तुडवले जाऊ नये म्हणून चाकांतले अंतर बटाट्याच्या दोन ओळींएवढे, १२७० मिलिमीटर ठेवले. चारही चाके सारखी आणि चारही जोर लावणारी. इंजिन २५ अश्वशक्तीचे. शेतात नांगर ओढावा, अन् तीच गाडी ताशी ५० किलोमीटरने माल बाजारात न्यावी! तिच्यावर चिन्हही बैलाच्या डोक्याचे. १९५१ साली डाइमलर-बेंझने तिची निर्मिती हाती घेतली. पुढे ती सैन्यात, अग्निशमन दलातही गेली. पण तिची घडण शेतातलीच. शेतकरी बंधूंनो, अवजार घेताना आपणही आधी आपल्या सरीचे माप घ्यावे.