खर्च आधी, कमाई नंतर

पैसे आधी हातात आणि काम नंतर! ऐकायला चैनच वाटते. नांदेडच्या मुखेड-कंधारकडे, लातूरच्या जळकोटकडे ऊसतोडीला जाणाऱ्या जोडीला मुकादम हंगामाआधीच उचल देतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या सुमारास हा कोयता पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात निघतो, तोवर उचल संपलेली असते. जुनं देणं, दवाखाना, लेकीचं लग्न, खत-बियाणं.

आता गणित मांडू. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला साधारण 366 रुपये झाला. उचल एक लाख धरा, जोडीची तोड दिवसाला दोन टन. फिटायला 273 टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता 137 दिवस. हंगाम चालतो जेमतेम चार-पाच महिने! पहाटेपासून मोळ्या बांधायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची, आणि एवढं करून गाठायचं काय, तर शून्य. ‘थोडं मागे टाका’ म्हणणाऱ्याने मागे काय टाकायचं तेही सांगावं.

मग रोजचं मीठ-मिरची? ते येतं उसाच्या शेंड्यातून. तोडलेल्या उसाचे वाढे बांधून जनावरांच्या चाऱ्यासाठी विकायचे. फडात रोख म्हणावी अशी एवढीच. सकाळी आली, संध्याकाळी किराण्यात गेली.

गरिबाला नियोजन जमत नाही, असं मानणाऱ्यांनी तमिळनाडूतला एक अभ्यास पाहावा. योगायोगाने तोही उसाचाच. 464 ऊस उत्पादकांना काढणीआधी आणि काढणीनंतर कोडी घातली. 2013 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आले. तीच माणसं, पण हात रिकामे असताना उत्तरं जास्त चुकत होती, पैसा आल्यावर कमी. चणचण डोक्यातली जागाही खाते.

खरा पेच दुष्काळात दिसतो. पाऊस दगा देतो, कोरडवाहू सोयाबीन हातचं जातं, म्हणून जास्त माणसं कोयता धरतात. पण त्याच दुष्काळात ऊसही कमी असतो आणि कारखाना लवकर बंद होतो. उचल मात्र तेवढीच. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि मुकादमाशी नवी बोलणी सुरू होतात ती त्या बाकीपासूनच.