बोरोकार्बाइड व लोहयुक्त स्तरित अतिसंवाहक

अतिनीच तापमानास विद्युत् रोध पूर्णपणे नाहीसा होणारी, थरयुक्त स्फटिकांची संयुगे. चुंबकीय अणूंचे अल्प प्रमाणही अतिसंवाहकतेस मारक ठरते, हा पूर्वीचा अनुभव. या संयुगांनी त्याचा फेरविचार करावयास लावला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आर्. नागराजन, एल्. सी. गुप्ता प्रभृतींनी इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात सु. १२ केल्व्हिन (के.) तापमानास अतिसंवाहकता आढळल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध केले. या वर्गात निकेल-बोरॉन व विरल मृत्तिका-कार्बन यांचे थर आलटून पालटून असतात. इट्रियमाऐवजी चुंबकीय होल्मियम असल्यास सु. ८ के.ला अतिसंवाहकता येते, सु. ५ के.पाशी ती जवळजवळ मावळते आणि आणखी थंड केल्यास पुन्हा प्रबळ होते. कारण तेथे लगतच्या थरांतील चुंबकीय परिबले परस्परविरुद्ध होऊन त्यांचा इलेक्ट्रॉन-जोड्यांवरील परिणाम बहुतांशी लोपतो.

येथे निकेल स्वतः अचुंबकीय असते. लोह-आर्सेनिक थरांत मात्र चुंबकत्व व विद्युत् वहन ही दोन्ही लोहाच्याच इलेक्ट्रॉनांची कार्ये होत. लँथॅनम, लोह, आर्सेनिक व ऑक्सिजन यांचे शुद्ध संयुग सु. १४० के.खाली प्रतिलोहचुंबकीय असते. त्यात काही ऑक्सिजनाच्या जागी फ्ल्युओरीन घालून जपानमधील हिदेओ होसोनो व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २६ के.ला अतिसंवाहकता मिळविली. बेरियमयुक्त लोह-आर्सेनिक संयुगाची घडण तर बोरोकार्बाइडाचीच, फक्त कार्बनाविना. बोरोकार्बाइडांत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जालकाच्या कंपनांमुळे जुळतात. लोहयुक्त संयुगांत चुंबकीय आंदोलनेच त्या जुळवीत असावीत, हे मत प्रबळ असले, तरी निर्विवाद नाही.