मिठाला साखरेची सोबत

कॉलऱ्यात नुसतं पाणी पाजून भागत नाही. ते तसंच वाहून जातं. आतड्याच्या पेशीचं आवरण दुपदरी, स्निग्ध असतं; मिठातल्या सोडियमला ते थारा देत नाही. पण त्यात एक विलक्षण प्रथिन रोवलेलं असतं. सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू ते जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. कॉलऱ्याचं विष या प्रथिनाला धक्का लावत नाही, हे आपलं केवढं भाग्य! १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा घातलेलं पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजवलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली उतरलं.