खाणीच्या ढिगाऱ्यावर इंधनपीक : मांगरोळमध्ये आधी चारा की आधी पॅलेट?

नवापूर, नंदुरबारकडून ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांना सुरत जिल्ह्यातले बारडोली, मढीचे कारखाने तोंडपाठ असतात. त्याच जिल्ह्यात, मांगरोळ तालुक्यातल्या नानी नरोलीला जीआयपीसीएल कंपनीचं ५०० मेगावॉटचं वीजकेंद्र आहे. ते लिग्नाइटवर, म्हणजे तपकिरी कोळशावर चालतं. हा कोळसा वस्तान आणि आसपासच्या उघड्या खाणींतून येतो. खाण पुढे सरकते. मागे राहतात मातीचे ढिगारे आणि राख. अशा पडीक जमिनीवर बांबू, सुबाभूळ, करंज, हत्ती गवत लावायचं आणि त्यातून इंधन काढायचं, ही कल्पना ऐकायला छान वाटते. अडचण मातीपासूनच सुरू होते.

खोदताना वरची कसदार माती खाली गाडली जाते आणि खोलातला निःसत्त्व थर वर येतो. त्यात सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो. लिग्नाइटमधल्या गंधकामुळे काही ढिगाऱ्यांतून आम्लयुक्त पाणी पाझरतं. राखेत तर नत्रच नसतं. म्हणून वरची माती वेगळी साठवून शेवटी परत पसरावी लागते. ती नसेल तर? नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी आणि जिवाणू खतं वापरून झाडं उभी करून दाखवली आहेत. मळीला सुरत जिल्ह्यात तोटा नाही.

माती न सुधारता काय होतं, हे मोगली एरंडाने शिकवलंय. २००३ नंतर देशभर त्याचा गाजावाजा झाला. झाड जगतं, शेळ्याही तोंड लावत नाहीत, पण खतपाण्याशिवाय बी फारसं येत नाही. अनेक शेतकऱ्यांनी ते उपटून टाकलं.

आता हिशेब बघा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावरच्या वीजकेंद्रांना ५ टक्के बायोमास पॅलेट मिसळायला सांगितलं. ५०० मेगावॉटचे ५ टक्के म्हणजे २५ मेगावॉट. एका मेगावॉटला वर्षाला ढोबळमानाने ८ हजार टन सुका पाला-लाकूड धरलं, तर २ लाख टन होतात. हेक्टरी १० टन पीक आलं, आणि अशा जमिनीत ते फारच झालं, तरी २० हजार हेक्टर लागतील. एवढी जमीन खाणींतून रिकामी होत नाही. म्हणजे या पिकांवर केंद्र चालणार नाही. ढिगारा धरून ठेवणं आणि गावाला सरपण देणं, एवढं मात्र त्यांना जमेल.

त्यात गुरांचा प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावावं, ती चारा उगवण्याजोगी करावी, अशी अट पट्ट्यात घालायला सांगितली. पॅलेटसाठी गवत कापून नेलं तर गुरांनी काय खायचं? सपाटीवर चाऱ्याचं गवत, उतारावर बांबू-करंज, अशी वाटणी करता येते. मांगरोळ पाचव्या अनुसूचीतला तालुका आहे. त्यामुळे ही वाटणी कागदावर ठरण्याआधी ग्रामसभेपुढे यायला हवी, आणि जमीन परत कोणाच्या नावावर होणार हेही तिथेच विचारलं जायला हवं.