मुंगेरचे मराठी खासदार

फौजदारी कायद्याच्या विद्यार्थ्याला ‘मधू लिमये’ हे नाव सांगावे लागत नाही. अटकेची कारणे न सांगता माणसाला कोठडीत ठेवता येते का, उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार कुठवर पोहोचतात, जमावबंदीचे जुने कलम १४४ घटनेत बसते का, यातला कुठलाही प्रश्न निघाला की हे नाव येते. गंमत अशी की यातल्या पुष्कळांना ते एका निवाड्याचे नाव वाटते. त्यामागे पुण्यात जन्मलेला, बिहारमधून चार वेळा लोकसभेवर गेलेला आणि कधीही मंत्री न झालेला एक समाजवादी माणूस होता, हे सांगायला वेगळा लेख लागतो.

आधी तो निवाडाच पाहू. ६ नोव्हेंबर १९६८. मुंगेरजवळच्या लखीसराय रेल्वे स्टेशनवर पोलिसांनी खासदार लिमये आणि त्यांच्या साथीदारांना पकडले. का पकडता, असे विचारले तर उत्तर मिळाले की लावलेली कलमे जामीनपात्र आहेत. तेवढेच! दुसरा एखादा पुढारी जामीन देऊन सुटला असता आणि संध्याकाळी सत्काराला गेला असता. लिमयांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि घटनेच्या अनुच्छेद ३२ खाली तीच आपली याचिका समजावी अशी मागणी केली. मुद्दा एकच होता. अनुच्छेद २२ म्हणतो की अटक झालेल्याला अटकेची कारणे लवकरात लवकर सांगितली पाहिजेत, आणि ती आम्हाला सांगितलेली नाहीत. दंडाधिकाऱ्याने मधल्या काळात कोठडी वाढवून दिली होती, म्हणून झाले ते नियमित झाले, असे सरकारचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. कोठडीचे ते आदेश साच्यातून काढल्यासारखे, यांत्रिकपणे दिलेले दिसतात, त्यांनी मूळची बेकायदा अटक कायदेशीर होत नाही, असे सांगून सर्वांना सोडायला लावले. पकडताना कारण सांगा, हा आज प्रत्येक आरोपीचा वकील ज्यावर बोट ठेवतो तो हक्क या निवाड्याने पक्का केला.

दोन वर्षांनी ते हरलेही. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १४४ कलम आणि शांतता राखण्याचा जामीन मागणारे प्रकरणच घटनाबाह्य ठरवा, ही त्यांची मागणी सात न्यायमूर्तींच्या पीठाने फेटाळली. पण त्या पराभवातही एक गोष्ट पदरात पडली. चौकशी सुरू होण्याआधीच अंतरिम जातमुचलका मागता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. लिमयांची सगळी कारकीर्द थोडीफार अशीच आहे. मोठी लढाई हरायची आणि तिच्यातून एक पक्का नियम खेचून आणायचा.

जन्म १ मे १९२२. फर्ग्युसनमध्ये शिकताना समाजवादी नेते एस. एम. जोशींच्या वर्तुळात ओढले गेले आणि शिक्षण मागे पडले. युद्धविरोधी भाषणांबद्दल १९४० मध्ये धुळ्याचा तुरुंग, बेचाळीसच्या भूमिगत कामानंतर वरळी, येरवडा आणि विसापूर. त्या पिढीच्या समाजवाद्यांचे चरित्र लिहायचे तर निम्मी पाने तुरुंगांच्याच नावांची होतात, म्हणून यावर थांबत नाही.

गोव्यावर मात्र थांबायला हवे. जुलै १९५५ मध्ये ते सत्याग्रहींची तुकडी घेऊन सरहद्द ओलांडून गेले. पोर्तुगीज पोलिसांनी इतकी अमानुष मारहाण केली की लिमये गेले अशीच वार्ता इकडे पसरली. लष्करी न्यायासनाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. त्यांनी बचाव केला नाही, अपीलही केले नाही. १९५७ साली सुटका झाली तेव्हा एकोणीस महिने आत गेले होते. ज्या न्यायासनाचा अधिकारच मान्य नाही त्याच्यापुढे गप्प राहणारा हा माणूस स्वतंत्र भारताच्या न्यायालयात मात्र कलमाकलमासाठी भांडत राहिला. मला यात विसंगती दिसत नाही. घटना आपली आहे, म्हणून ती सरकारकडून पाळून घ्यायची, एवढा साधा त्याचा अर्थ आहे.

मग १९६४ ची मुंगेरची पोटनिवडणूक. गंगेकाठचे हे जुने शहर, शेजारी जमालपूरचा रेल्वे कारखाना, आणि उमेदवार पुण्याचा ब्राह्मण! आज कोणत्याही पक्षाच्या निवड मंडळात हे नाव पहिल्याच चाळणीत गळेल. पण बिहारने त्या काळी बाहेरच्यांना आपले म्हटले. आचार्य कृपलानी आणि अशोक मेहता तिथूनच निवडून गेले, पुढे जॉर्ज फर्नांडिसही. लिमये १९६७ मध्ये मुंगेरमधून पुन्हा आले, १९७१ च्या इंदिरा लाटेत पडले, १९७३ च्या पोटनिवडणुकीत आणि १९७७ मध्ये बांका मतदारसंघातून परतले. सभागृहात ते हिंदीत बोलत. इंग्रजी हटवा म्हणणाऱ्या राममनोहर लोहियांच्या शिष्याला दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यांना तो नकोही होता.

या सभागृहात त्यांच्यामागे संख्या कधी नव्हती. १९६७ मध्ये काँग्रेसचे बळ घटले तरी २८३ होते, त्यांच्या संयुक्त समाजवादी पक्षाचे २३. मतदानात हरणार हे सकाळीच ठरलेले असे. तेव्हा तेवीस जणांनी करायचे काय? आरडाओरडा करता येतो, सभात्याग करता येतो. लिमयांनी कार्यपद्धतीचे नियम पाठ केले. तारांकित प्रश्न टाकायचा, मंत्र्याचे तोंडी उत्तर घ्यायचे, पुरवणी प्रश्नात त्या उत्तराची तारीख आणि आकडा पक्का करून घ्यायचा, आणि मग दुसऱ्या कागदाशी तो ताडून पाहायचा. जुळला नाही की अध्यक्षांच्या निर्देशांपैकी ११५ क्रमांकाचा आधार. मंत्र्याच्या निवेदनातली चूक सदस्याला लेखी दाखवून देता येते अशी ती तरतूद आहे. ती वापरायची म्हणजे आधी मंत्र्याचे जुने निवेदन शब्दशः वाचायला हवे, आणि इतका वेळ कोण घालवतो? त्यापुढे हक्कभंग, स्थगन प्रस्ताव, औचित्याचा मुद्दा. लिमये उभे राहिले की मंत्र्यांना आपल्या फायली पुन्हा चाळाव्या लागत, अशी त्यांची ख्याती होती.

१९७४ चे आयात परवाना प्रकरण हा या पद्धतीचा गाजलेला नमुना. पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना परवाने मिळावेत म्हणून २१ खासदारांच्या सह्यांचे निवेदन सरकारकडे गेले होते. त्यातल्या बहुतेक सह्या बनावट निघाल्या. काँग्रेसचे खासदार तुलमोहन राम गोत्यात आले आणि बाण थेट ललित नारायण मिश्रांच्या दिशेने गेला. ते आता रेल्वेमंत्री असले तरी परवान्यांचा अर्ज आला तेव्हा परराष्ट्र व्यापार खाते त्यांच्याकडे होते. समाजवादी लिमये, जनसंघाचे वाजपेयी, मार्क्सवादी ज्योतिर्मय बसू अशी एरवी एका ताटात न जेवणारी माणसे या प्रश्नावर एकत्र आली. त्यांनी सीबीआयचा अहवाल सभागृहापुढे मागितला, आणि कित्येक दिवस दुसरे कामकाज धड चालले नाही.

आणीबाणीत ते मध्य प्रदेशात नरसिंहगडच्या तुरुंगात होते. लोकसभेची मुदत संपत आली तेव्हा सरकारने ती एका वर्षाने वाढवली. मतदारांनी पाच वर्षांसाठी पाठवले, सहावे वर्ष आपले नाही, असे म्हणून तुरुंगातूनच राजीनामा देणारे दोघेच निघाले. एक लिमये, दुसरे त्यांच्याच सोबत कैदेत असलेले तरुण शरद यादव. उरलेल्या विरोधकांना मी दोष देत नाही, त्यांचीही कारणे होती. पण हिशेब दोघांचाच आहे.

१९७७ नंतरचे लिमये वादग्रस्त आहेत. मंत्रिपद न घेता ते सत्तेवर आलेल्या जनता पक्षाचे सरचिटणीस झाले आणि जनसंघातून आलेल्यांचे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेले नाते हा दुहेरी निष्ठेचा प्रश्न त्यांनी लावून धरला. १९७९ मध्ये सरकार कोसळले. मधू दंडवत्यांसारखे जवळचे सहकारी जनता पक्षातच राहिले, लिमये पक्षातून बाहेर पडलेल्या चरणसिंगांच्या बाजूला गेले. अठ्ठावीस महिन्यांत काँग्रेसेतर प्रयोग बुडाला याचे खापर आजही पुष्कळ समाजवादी त्यांच्यावर फोडतात. माझे मत विचाराल तर प्रश्न खरा होता, वेळ चुकली. नियमांत इतका काटेकोर असलेला माणूस बेरजेच्या राजकारणात मात्र कच्चा ठरला. १९८० ची निवडणूक ते हरले आणि १९८२ मध्ये सक्रिय राजकारणातून बाजूला झाले.

त्यानंतर राहिले ते लिहिणे. इंग्रजी, हिंदी आणि मराठीत. गांधी-नेहरू संबंधांवर चार खंड, जनता प्रयोगावर दोन. स्वातंत्र्यसैनिकाचे निवृत्तिवेतन त्यांनी घेतले नाही, खासदारकीचेही नाही. पत्नी चंपाताईंची साथ आणि लेखनाचे मानधन यांवर दिल्लीतला साधा संसार चालला. ८ जानेवारी १९९५ रोजी ते गेले.

महाराष्ट्राने त्यांची आठवण काढावी असे एक ताजे कारण आहे. पक्षांतरबंदीचे विधेयक जनता सरकारने १९७८ मध्ये आणले तेव्हा स्वतःच्याच सरकारच्या विधेयकाला त्यांनी विरोध केला. सदस्याच्या सद्सद्विवेकाला पक्षाच्या हुकमाखाली बांधू नये, ही भूमिका. १९८५ मध्ये राजीव गांधींनी कायदा केला आणि एक तृतीयांश सदस्य फुटले तर ती फूट वैध मानली, तेव्हा लिमयांची टीका नेमकी होती: किरकोळ विक्री बंद, घाऊक चालू. एक तृतीयांशाची सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने काढली, दोन तृतीयांशाचे विलीनीकरण शिल्लक राहिले. २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादीत जे झाले ते पाहिलेल्या वाचकाला पुढचे सांगायला नको.

संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात लोकसभेचे जुने कामकाज सर्वांना फुकट वाचता येते. १९६४ ते १९७९ मधला, लिमये सभागृहात असतानाचा कोणताही एक दिवस उघडा आणि प्रश्नोत्तराचा तास वाचा. मग आपल्या मतदारसंघाच्या खासदाराने गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले, तेही पाहून घ्या. ती माहितीही तिथेच, संसदेच्या संकेतस्थळावर आहे.