राज्य बदलले तरी मुलांचा शाळाप्रवेशाचा हक्क कायम

पानिपत : जुन्या कपड्यांपासून धागा काढणाऱ्या गिरण्या आणि ब्लँकेटच्या कारखान्यांमुळे हरियाणातील या शहरात उत्तर प्रदेश, बिहारसह अनेक राज्यांतील कामगार कुटुंबे स्थायिक होतात. वर्षाच्या मध्यावर आलेल्या त्यांच्या मुलांना शाळेत प्रवेश कसा मिळणार, याचे उत्तर १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यात आहे.

कलम ५ नुसार ६ ते १४ वयोगटातील मुलाला परराज्यातूनही सरकारी वा अनुदानित शाळेत बदली मागता येते. शाळा सोडल्याचा दाखला उशिरा मिळाला, या कारणावरून प्रवेश लांबवता वा नाकारता येत नाही. उलट दाखला देण्यास विलंब करणारा मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. वयाचा पुरावा नसला (कलम १४) किंवा प्रवेशाची मुदत उलटली (कलम १५), तरी शाळेची दारे बंद होत नाहीत. शिक्षणात खंड पडलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे.

केंद्रीय विद्यालये, नवोदय विद्यालये आणि विनाअनुदानित खासगी शाळांना मात्र बदलीचा हा हक्क लागू नाही. त्यामुळे दाखल्याची वाट पाहत न थांबता पालकांनी जवळच्या सरकारी शाळेत आधी अर्ज करणे हिताचे ठरते.